पूर ओसरल्यावरचे पाणी

मार्केट यार्डापासून थोड्याच अंतरावर आंबिल ओढा वाहतो. कात्रजकडून येऊन तो मुठेला मिळतो. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाच ओढा अरण्येश्वर, सहकारनगर भागात घराघरांत शिरला आणि माणसे दगावली. १२ जुलै १९६१ च्या पुराला पानशेतचे धरण फुटावे लागले होते. या वेळी एका रात्रीचा पाऊस पुरला.

पाणी आले तसे ओसरते. पण पूर घराबाहेर गेला, असे लगेच समजू नका. तो दोन ठिकाणी दडून राहतो: जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत आणि सेप्टिक टाकीत.

आधी पिण्याच्या पाण्याचे पाहू. पुराचे पाणी झाकणावरून खालच्या टाकीत गेले असेल, तर पंप सुरू करू नका. केलात, की तीच घाण गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून साऱ्या नळांत! शिवाय भिजलेल्या पंपाच्या विजेचा धोका वेगळाच. टाकी उपसा, गाळ काढा, भिंती घासून धुवा. मग चांगले पाणी भरून दर हजार लिटरला सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घ्या. ती आधी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी टाकीत ओता. चोवीस तास राहू द्या. हे पाणी प्यायचे नाही. ते सोडून देऊन टाकी पुन्हा भरायची.

तोवर प्यायला काय? गढूळ पाणी निवळू द्या, फडक्याने गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवा. मात्र पाण्याला रॉकेलचा किंवा कीटकनाशकाचा वास येत असेल, तर ते उकळूनही उपयोग नाही. ते टाकूनच द्या.

आता सेप्टिक टाकी. तिच्यातले पाणी भोवतालची जमीन शोषून घेते. पुरानंतर जमीनच तुडुंब असते. मग संडासात पाणी ओतले, की ते उलटे वर येते. म्हणून पाणी बेताने वापरा. ब्लीचिंगचे पाणीही तिकडे सोडू नका. मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात. आणि घाईने टाकी उपसून घेऊ नका. ओल्या जमिनीत रिकामी टाकी घागरीसारखी वर उचलली जाते, नळ तुटतात. जमीन वाळू द्या.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टाकीत कुणालाही उतरवू नका. आत विषारी वायू असतो. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. संरक्षणाच्या साधनांवाचून माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. यंत्राची गाडीच बोलवा.

चिखल काढताना पायांत बूट हवेत. जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात. ताप आलाच, तर पुराच्या पाण्यात उभे होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि एक ध्यानात ठेवा: टाकी साऱ्या इमारतीची असते. एका बिऱ्हाडाने काळजी घेऊन भागत नाही. शेजाऱ्यांनाही हाक मारा.