थंड नळी काय सांगते?

इंग्लंडमधील जानेवारीची एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. बाहेरचे तापमान शून्याच्या आसपास आहे. एक गृहस्थ आपली जुनी एम. जी. बी. मोटार बाहेर काढतात. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डन येथे तयार झालेली ही छोटी गाडी तेथील हौशी मंडळी आजही जिवापाड जपतात. इंजिन चांगले तापले, पण गाडीत ऊब नाही. समोरची काच श्वासातील बाष्पाने धुरकटली आहे. रस्ताच दिसेना, तर गाडी हाकायची कशी? आपल्याला चैन वाटणारा हीटर तेथे जिवाचा प्रश्न असतो.

ही ऊब येते कोठून? पेट्रोलच्या ऊर्जेचा फार तर पाव ते एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली बरीचशी उष्णता धुरावाटे आणि इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यावाटे जाते. याच पाण्याचा एक फाटा एका चिमुकल्या रेडिएटरमधून नेलेला असतो. तांब्या-पितळेच्या चपट्या नळ्या, त्यांना चिकटलेले पातळ पत्रे आणि त्यांतून हवा ढकलणारा पंखा. गॅरेजवाले याला हीटर कोअर म्हणतात. आपण गाभा म्हणू.

आता तपासणी. गाभ्याकडे जाणाऱ्या आणि तेथून परतणाऱ्या रबरी नळ्यांना क्षणभर बोट लावायचे (इंजिनाच्या पंख्यापासून हात दूर ठेवून!). समजा, एक कढत आणि दुसरी गार लागली. गाभा ठीक आहे की बिघडलेला? वर्गात हा प्रश्न विचारला की पुष्कळजण ठासून सांगतात, "ठीक! पाण्याने सगळी उष्णता हवेला दिली."

जरा हिशेब करू. चांगल्या गाभ्यातून मिनिटाला ६ लिटर पाणी जाते आणि ते १० अंशांनी थंड होते असे समजा. ६००० ग्रॅम गुणिले १० अंश, म्हणजे मिनिटाला ६०,००० कॅलरी. सुमारे ४ किलोवॉट. तुंबलेल्या गाभ्यातून मिनिटाला ३०० ग्रॅमच पाणी झिरपते. रेंगाळल्यामुळे ते ६० अंशांनी थंड होते, पण हवेला मिळतात फक्त १८,००० कॅलरी! तापमानातला फरक मोठा, पण वस्तुमान नगण्य. तापमान आणि उष्णता यांची गल्लत येथेच होते. तेव्हा हीटरची झडप उघडी असूनही परतीची नळी गार असेल, तर गंजाचा गाळ साचला आहे असा संशय घ्यावा. आधी उलट दिशेने हलकेच पाणी सोडून गाभा धुऊन पाहावा.

गाभा गळत असेल, तर खुणा वेगळ्या. पायाखालचा गालिचा ओला होतो, काचेवर तेलकट थर धरतो आणि गोडसर वास येतो. हा वास पाणी गोठू नये म्हणून मिसळलेल्या इथिलीन ग्लायकॉलचा. ते चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले द्रव कुत्र्या-मांजरांनी चाटल्यास ती दगावू शकतात. म्हणून काढलेले पाणी झाकून ठेवावे.

गळका गाभा बदलणेच बरे. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाब असल्याने पाणी शंभर अंशांच्या वरही उकळलेले नसते. झाकण निघताच ते उसळून अंगावर येते. मग बॅटरी सोडवून पाणी काढून घ्यायचे. चिकटलेल्या जुन्या नळ्या ओढू नयेत, कापाव्यात. ओढाताणीत पितळी तोटीचा डाख सुटतो. एम. जी. बी.मध्ये खरा घाम फुटतो तो हीटरची पेटी बाहेर काढताना. इतकी मेहनत करून काहीजण नव्या गाभ्याभोवती स्पंजची पट्टी लावायलाच विसरतात! मग हवा गाभ्यातून न जाता बाजूच्या फटीतून निसटते, आणि नवा गाभा असूनही गाडी थंडच.

शेवटी झडप उघडी ठेवून सावकाश पाणी भरायचे. गाभ्यात हवेचा बुडबुडा अडकला, तर पाण्याची वाट अडते. ते कसे ओळखाल? पुन्हा त्याच दोन नळ्यांना बोट लावून.