पाच ग्रॅमचा कागद आणि सत्तर हजार माणसं

एक कोरा कागद घ्या. झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो साधा ए-फोर. वजन पाच ग्रॅम. त्यावर चार ओळी टाइप करा, खाली एक सही करा. झालं! एवढ्या भांडवलावर एका देशात मध्यरात्री कुणाचंही दार ठोठावता येत होतं, घराची झडती घेता येत होती, वस्तू जप्त करता येत होत्या आणि माणूस उचलून नेता येत होता. देश फिलिपीन्स. काळ राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोसच्या मार्शल लॉचा. कागदाचं नाव ‘अरेस्ट, सर्च अँड सीझर ऑर्डर’, आणि आद्याक्षरं जुळवली की ‘आसो’. तिथल्या टागालोग भाषेत आसो म्हणजे कुत्रा! त्यावर सही न्यायाधीशाची लागत नसे, संरक्षणखात्याची पुरे.

चला, हा पाच ग्रॅमचा कागद कुठवर पोहोचतो ते मोजू या.

सुरुवात २३ सप्टेंबर १९७२च्या पहाटेपासून. लष्कराच्या हातातल्या यादीत साधारण ४०० नावं. बारा वाजून गेल्यावर मनिलाच्या हिल्टन हॉटेलातून सिनेटर बेनिग्नो अकिनो ताब्यात. तासाभरात सिनेटर होसे डिओक्नो त्यांच्या राहत्या घरातून. पहाटे चारपर्यंत शंभरएक माणसं कॅम्प क्रामेमध्ये आणून बसवलेली. चार तासांत शंभर म्हणजे दर अडीच मिनिटांना एक! चर्चगेटहून सकाळच्या गर्दीत लोकल सुटतात, त्या वेगानं माणसं येत होती. आणि मजा बघा, देशाला हे अजून ठाऊकच नव्हतं. मार्कोस टीव्हीवर आले आणि मार्शल लॉ पुकारल्याचं त्यांनी सांगितलं ते त्याच दिवशी संध्याकाळी सातनंतर.

मार्शल लॉ हा शब्द सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. मे १९३०मध्ये इंग्रजांनी तो तिथे लावला, आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. एका शहरातल्या काही आठवड्यांच्या मार्शल लॉची जखम शंभर वर्षं होत आली तरी चार हुतात्म्यांच्या नावानं ताजी आहे. फिलिपीन्समध्ये तो अख्ख्या देशावर होता, आणि १७ जानेवारी १९८१ला उठवला गेला तोवर ३,०३८ दिवस उलटले होते.

आता या सत्तेचा आकार बघू. आपल्या राज्यघटनेचं कलम २२ म्हणतं, अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. प्रतिबंधक स्थानबद्धतेसारखे अपवाद आहेत, पण नियम हाच. चोवीस तास. मार्कोसच्या ‘जनरल ऑर्डर नंबर दोन’मध्ये या जागी काय होतं? मी किंवा मी नेमलेला माणूस सोडा म्हणेपर्यंत. बस्स! तास नाही, दिवस नाही, वर्ष नाही. लगोलग ‘दोन-ए’ आली आणि पकडण्याजोग्या गुन्ह्यांची यादी लांबली. ‘तीन’नं मार्शल लॉच्या वैधतेचा प्रश्नच न्यायालयांच्या हातातून काढून घेतला. ‘आठ’नं लष्करी न्यायाधिकरणं आणली. पकडणारा लष्करी, डांबणारा लष्करी, निवाडा करणाराही लष्करी. सैन्यही फुगत गेलं. १९७१मध्ये सुमारे ५७ हजार असलेली फौज १९७६पर्यंत १ लाख १३ हजारांवर गेली. पाच वर्षांत दुप्पट!

आणि माणसं? १९७५च्या अखेरीस अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचं पथक मनिलाला गेलं. तेव्हा खुद्द मार्कोसनीच त्यांना आकडा सांगितला: आजवर ५० हजार. साडेअकराशे दिवसांत ५० हजार म्हणजे दिवसाला ४३. आपल्या साध्या लाल एसटीत सीट असतात ४४. म्हणजे कंडक्टरची सीट सोडली की रोज एक एसटी गच्च. रविवारी, सणाला, ऐन नाताळात, दिवसाला एक, तीन वर्षांहून जास्त! याच पथकानं १०७ कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या ७१ जणांनी आपला छळ झाल्याचं सांगितलं. तिघांतले दोघे.

पुढे अ‍ॅम्नेस्टीच्या नावानं जो आकडा जगभर दिला जातो तो ७० हजार कैद्यांचा. चला, त्यांना गाडीत बसवू. स्लीपरच्या डब्यात ७२ बर्थ, बावीस डब्यांची गाडी. लागतील ४५ गाड्या. सीएसएमटीवरून तासाला एक सोडली तर पहिली आज सकाळी सहाला सुटेल आणि शेवटची उद्या मध्यरात्रीनंतर दोनला. नाहीतर असं करू, सगळ्यांना हात पसरून एकमेकांचे हात धरायला सांगू. माणशी दीड मीटर. साखळी सीएसएमटीच्या फलाटावरून निघेल, दादर, ठाणे, कल्याण, बदलापूर ओलांडेल, कर्जतचे वडेवाले मागे टाकेल आणि १०५ किलोमीटरवर, बोरघाटाच्या पायथ्याशी थांबेल. मुंबई-पुणे वाटेचा निम्म्याहून जास्त भाग, नुसत्या पकडलेल्या माणसांचा! ज्यांचा छळ झाला त्यांचा आकडा ३४ हजार दिला जातो. वानखेडे शेवटच्या रांगेपर्यंत भरलं तर ३३ हजार बसतात. फायनलच्या दिवशीचं वानखेडे आठवा. त्यातली एकूण एक खुर्ची. आणि वर हजारभर माणसं गेटबाहेर.

देश केवढा होता तेही बघायला हवं, नाहीतर आकड्याला वजन येत नाही. १९७५मध्ये लोकसंख्या ४ कोटी २० लाख. भागाकार करा. सहाशे माणसांमागे एक! म्हणजे सहाशे उंबऱ्यांचं नव्हे, सहाशे डोक्यांचं गाव, सव्वाशे घरांचं, जिथे सगळे सगळ्यांना नावानं हाक मारतात, आणि अशा प्रत्येक गावातून एक जण गेलेला. हेच प्रमाण २०११च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राला लावलं तर माणसं होतात १ लाख ८७ हजार.

या सगळ्यांना पकडायला कागद किती लागला असता? अनेकांना तर कागद दाखवलाही गेला नाही, पण समजा प्रत्येकाला एक मिळाला. सत्तर हजार गुणिले पाच ग्रॅम, ३५० किलो. सिमेंटची सात पोती! एक हातगाडी. दोन हमाल दुपारच्या जेवणाआधी पोहोचवतील.

जो कागद माणसाला आत घालायला एवढा हलका, तोच नंतर न्याय मागताना किती जड झाला बघा. २०१३मध्ये फिलिपीन्सनं भरपाईचा कायदा केला, मार्कोसच्या स्विस बँकांतल्या पैशातून एक हजार कोटी पेसो बाजूला काढले. दावे आले ७५,७४९. एकेक फाईल फक्त दोन सेंटिमीटर जाड धरा आणि रचत जा. दीड किलोमीटर! कळसूबाईच्या माथ्याला जेमतेम दीडशे मीटर कमी. त्यांतले मंजूर झाले ११,१०३. त्यांचा ढीग सव्वादोनशे मीटरही भरत नाही. चाळीस वर्षांनंतर पुरावा आणा म्हटल्यावर माणूस आणणार कुठून? आयुष्यभर अंगावर वागवलेली गोष्ट फाईलच्या मापात बसेना. मला या सगळ्या हिशेबात सर्वांत जास्त लागलेला आकडा हाच.

आता वेळ मोजू. इथे खरे डोळे फिरतात.

मार्च १९७३. अकिनो आणि डिओक्नो यांना नुएवा एसिहा प्रांतातल्या लाऊरच्या लष्करी तळावर हलवलं. वेगवेगळ्या खोल्या, साधारण चार बाय पाच मीटर. खिडक्यांना बाहेरून प्लायवूड ठोकलेलं. डोक्यावर एक ट्यूबलाइट, दिवस-रात्र जळणारी. चष्मासुद्धा काढून घेतलेला. घरच्यांना महिनाभर पत्ता नाही. शेजारच्या खोलीतला माणूस जिवंत आहे का हे कळायला त्यांच्याकडे एकच साधन होतं, गळा. एक जण देशाचं गाणं म्हणायचा, दुसऱ्यानं पलीकडून गाऊन उत्तर दिलं की समजायचं, आहे. असे ३० दिवस. ट्यूबलाइटचे ७२० तास.

डिओक्नो ७१८ दिवस आत होते, एकही आरोप सिद्ध न होता. आणि अकिनो? सात वर्षं, सात महिने. मधेच लष्करी आयोगानं फाशीपेक्षा वेगळा नसलेला हुकूम सुनावला, गोळ्या घालून मृत्यू. तो अमलात आला नाही. मे १९८०मध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला जाऊ दिलं तोवर दिवस झाले होते २,७८४.

२,७८४ दिवस म्हणजे किती? डेक्कन क्वीन धरा. सकाळी पुण्याहून मुंबईला १९२ किलोमीटर, संध्याकाळी परत १९२. दिवसाचे ३८४. एक हजार दिवसांत ३ लाख ८४ हजार किलोमीटर. हे तर पृथ्वी ते चंद्र! म्हणजे अकिनो कोठडीत बसले होते तेवढ्या दिवसांत आपली डेक्कन क्वीन चंद्रावर पोहोचली असती, पुण्याला परत आली असती, पुन्हा निघाली असती आणि पाऊण वाट कापून गेली असती. रोज त्याच वेळेला सुटत, त्याच चहा-कटलेटच्या वासात. एक माणूस, एक खोली, आणि एवढं अंतर!

आणि हा एकटा माणूस. बाकीचे ७० हजार? त्यांतले कुणी आठवडाभर आत होते, कुणी अनेक वर्षं. आपण अगदी हात आखडून माणशी फक्त एक महिना धरू. तीस दिवस. २१ लाख दिवस! दिवसाला तीन लिटरप्रमाणे त्यांना नुसतं प्यायला पाणी द्यायचं तर ६३ लाख लिटर. वीस फूट रुंदीची, तीस फूट पाण्यानं भरलेली गावची विहीर घ्या. अशा तेवीस विहिरींचा तळ दिसेल. आता त्या २१ लाख दिवसांना ३६५नं भागा. ५,७५० वर्षं! शिवरायांच्या राज्याभिषेकाला साडेतीनशे झाली. अजिंठ्याची पहिली लेणी कोरली त्याला दोन हजारांच्या वर. मोहेंजोदडोचं नगर वसलं त्याला साडेचार हजार. त्याच्याही मागे जा, आणखी हजार वर्षं, आणखी दोनशे, तरी शिल्लक उरते.

आणि हे माणशी एक महिना धरून. अकिनोंचे महिने ९१ होते.