दगडफूल परसात का लावता येत नाही?



मसाल्याचे दिवस आले की बचत गटांतून एक प्रश्न हमखास येतो. धने आपले, मिरची आपली, खोबरं जवळच मिळतं. मग दगडफूल तेवढं महागामोलाचं विकत का आणायचं? परसात लावता येणार नाही का? उत्तर आधीच सांगते : नाही येणार. पण का नाही, ते ऐकण्यासारखं आहे.

दगडफुलाला आपण फूल म्हणतो. ते फूल नाही, पान नाही, त्याला मूळही नाही. शास्त्रात त्याला शैवाक म्हणतात. वरून राखाडी, खालून काळं, कडा मुडपलेल्या. तो एक जीव दिसतो, पण आत दोघांचा संसार आहे. एक बुरशी आणि एक शेवाळ. बुरशी म्हणजे लोणच्यावर येते त्याच कुळातली, आणि शेवाळ म्हणजे हौदात धरतं त्याच जातकुळीचं, पण एकेका कणाएवढं, डोळ्यांना न दिसणारं. बुरशी भिंती बांधते, ओल धरून ठेवते, उन्हाचा कडाका अंगावर घेते. शेवाळ उन्हावर साखर तयार करतं आणि त्यातली बरीच बुरशीला देतं. घर बुरशीचं, चूल शेवाळाची म्हणा ना. झाडावरच्या जिवंत दगडफुलावर पाणी शिंपडून बघा. राखाडी रंग जाऊन हिरवट झाक येते. वरची साल ओली झाली की पारदर्शक होते आणि खालचं शेवाळ दिसायला लागतं.

हे दोघं आहेत असं 1867 साली सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानं सांगितलं, तेव्हा भल्याभल्यांनी त्याला वेड्यात काढलं. त्यात विल्यम नीलांडर हे त्या काळचे मोठे जाणकार होते. ते शेवटपर्यंत मानले नाहीत.

आता मुद्द्यावर येऊ. कुठल्या बुरशीनं कुठल्या शेवाळाशी घर मांडायचं, हे ठरवण्यात जागेचा हात मोठा असतो. ऊन किती, थंडी किती, पाणी कसं मिळतं, यावर जोडी जमते किंवा मोडते.

पाण्याचंच घ्या. शैवाकात मुख्यतः दोन तऱ्हेची शेवाळं असतात. एक हिरवं. दुसरं निळं-हिरवं, भातखाचरात खत म्हणून सोडतात ना, त्याच गटातलं. हे दुसरं हवेतला नत्र धरून जोडीदाराला पुरवतं, म्हणजे भलतंच कामाचं. पण त्याला खरंखुरं पाणी लागतं, पावसाचं, ओघळाचं. हिरव्या शेवाळाचं तसं नाही. ओटो लांगे या जर्मन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1986 साली दाखवून दिलं की सुकून गेलेलं हिरव्या शेवाळाचं शैवाक नुसत्या दमट हवेवर जागं होऊन साखर करायला लागतं. निळं-हिरवं तेवढ्यावर उठत नाही. म्हणून जिथे पाऊस कमी पण पहाटे धुकं असतं, तिथे हिरव्याची जोडी टिकते.

काही बुरशी तर दोन्ही घरं मांडतात. उजेड-कोरडेपणा असेल तिथे हिरव्या शेवाळाबरोबर रुंद पानासारख्या वाढतात. सावलीत, ओलीत निळ्या-हिरव्याबरोबर बारीक झुडपासारख्या. दिसायला इतक्या वेगळ्या की माणसांनी एकाच बुरशीच्या दोन रूपांना दोन नावं देऊन ठेवली होती.

थंडी-उष्णतेचंही तसंच. एक तपकिरी, काटेरी झुडपासारखं शैवाक अंटार्क्टिकाच्या बर्फाजवळही सापडतं आणि भूमध्य समुद्राच्या उबदार काठावरही. बुरशी तीच. पण 2011 साली छापलेल्या अभ्यासात दिसलं की ध्रुवाकडच्या थंड प्रदेशात तिच्याजवळचं शेवाळ एका वाणाचं आहे आणि उबदार भागात दुसऱ्या वाणाचं. कोकणात एक भाताचं वाण आणि घाटावर दुसरं, तशातला प्रकार. फरक एवढाच, की इथे वाण निवडणारी बाई नाही, हवामान आहे.

तुमच्या मनात येईल, मग दगडफुलाच्या पावडरीसारखे कण आणून झाडाला चोळले तर? काही जातींना अंगावर खरंच बारीक भुकटी धरते, तिच्यात बुरशी आणि शेवाळ दोघं बरोबरच असतात, वाऱ्यानं, पाण्यानं ती पसरते. पण पडली त्या जागी धुकं, उजेड, साल, हवा सगळं मानवलं तरच घर उभं राहतं. आणि राहिलं तरी पानासारखी शैवाकं वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. तळहाताएवढ्या दगडफुलाचं वय तुमच्या लेकीएवढं असू शकतं. एवढी वाट बघणारं पीक कोण घेणार?

म्हणून बाजारातलं दगडफूल रानातूनच येतं, बरंचसं हिमालयाच्या डोंगरांतून. पाकिटात सहसा एकच जात नसते, तीन-चार मिसळलेल्या असतात. जिथे गोळा करतात तिथे अख्खं खोड खरवडून नेलं तर पुन्हा भरायला वर्षानुवर्षं जातात. आपल्या मसाल्यात ते चिमटीभरच लागतं, हे बरंच आहे. कुणी गोळा करतच असेल तर पडलेल्या, तुटलेल्या फांद्यांवरचं आधी घ्यावं.

एक गैरसमज जाता जाता. आंब्याच्या खोडावर शैवाक दिसलं की झाडाला रोग लागला म्हणून खरवडतात. ते झाडाचा रस पीत नाही, सालीवर नुसतं बसतं. झाड आधीच अशक्त झालं, पानं विरळ झाली, उजेड आत आला की ते जास्त दिसतं, एवढंच.

त्याला खरा धोका धुराचा. मूळ नसल्यामुळे पाऊस, दव, धुकं यांतून जे येईल ते सगळं अंगात मुरतं. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू शेवाळाला आधी मारतो, मग चूल विझलेलं घर किती दिवस टिकणार? मघाशी ज्या नीलांडरचं नाव घेतलं, त्यांनीच 1866 साली पॅरिसमध्ये हे टिपलं. शहरात नाहीशी झालेली शैवाकं लक्झेंबर्ग बागेत तेवढी शिल्लक होती.

आणि हवा तापली की जोडीदारही बदलतात. उष्ण, दमट मुलखात ट्रेंटेपोलिया नावाच्या शेवाळाची शैवाकं जास्त. जात हिरव्या शेवाळाची, पण रंग नारिंगी. कोकणात पावसाळी भिंतींवर, झाडांच्या खोडांवर गेरू फासल्यासारखा थर दिसतो, तो बहुतेक याचाच. नेदरलँड्ससारख्या थंड देशात या शेवाळाची शैवाकं वाढत चालल्याचं 2007 साली तिथल्या अभ्यासकांनी लिहिलं.

तुमच्या गावात सुपारी किंवा फणस असेल तर खोडाजवळ जा. पांढुरक्या डागावर मोडी लिहिल्यासारख्या काळ्या बारीक रेघोट्या दिसल्या, तर नखानं किंचित खरवडा. आत पिवळसर-नारिंगी झाक दिसली तर तिथे तेच नारिंगी शेवाळ आहे. हिरवीगार दिसली तर जोडीदार दुसरा.