आळशी म्हटलेल्या मुलाचा हक्क

पुष्कळ घरांत एखादें मूल असें असतें कीं, एकदां ऐकलेली गोष्ट तें जशीच्या तशी सांगतें. परंतु पुस्तक पुढें आलें कीं अडखळतें, आणि एकच शब्द तीन ठिकाणीं तीन तऱ्हांनीं लिहितें. आजोबा म्हणतात, लक्ष नाहीं. शिक्षक म्हणतात, मेहनत नाहीं. आणि शिकवण्या वाढत जातात. विद्या हेंच ज्या घरांत धन मानलें जातें, तेथें अशा मुलाचा उपहास विशेष जिव्हारीं लागतो. म्हणून या बाबतींतील कायदा वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या अडचणीस ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ म्हणतात. डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार. हिचा बुद्धिमांद्याशीं वा आळसाशीं संबंध नाहीं. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत हिचें नांवही नव्हतें. १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आलेल्या ‘दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम, २०१६’ मध्यें मात्र २१ अक्षमतांत हिची गणना झाली आहे.

या कायद्याच्या १६ व्या कलमान्वयें, मान्यताप्राप्त शाळांनीं प्रवेश देतांना भेदभाव करूं नये व ही अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून उपाय योजावे, यासाठीं झटणें सरकारावर बंधनकारक आहे. १७ व्या कलमांत परीक्षेस जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेंतून सूट या सवलतींचा स्पष्ट उल्लेख आहे. अक्षमता निदान ४० टक्के असल्याचें प्रमाणित झाल्यास ३१ व्या कलमानें ६ ते १८ वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क मिळतो; २००९ च्या सर्वसाधारण शिक्षणहक्क कायद्याची मर्यादा १४ वर्षांचीच आहे. शिवाय लेखनिकाची सवलत केवळ ४० टक्केवाल्यांपुरती नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं, लिहितांना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणांत दिला.

पालकांनीं काय करावें? प्रथम मुख्याध्यापकांस लेखी अर्ज द्यावा व त्याच्या प्रतीवर पोंच घ्यावी. नंतर सरकारनें नेमलेल्या प्रमाणन-अधिकाऱ्याकडून तपासणी करवून दाखला मिळवावा. निर्णय अमान्य असल्यास ५९ व्या कलमान्वयें अपील करतां येतें. शाळा दाद देत नसेल, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार नेतां येते. महाराष्ट्रांत हें कार्यालय पुण्यास आहे. हें सारें दहावीच्या वर्षीं घाईनें करण्यापेक्षां, मूल प्राथमिक शाळेंत असतांनाच करणें हिताचें.

खरी अडचण बहुधा कायद्याची नसते. “दाखला काढला तर लोक काय म्हणतील? पुढें लग्न अडलें तर?” अशी कुजबूज माजघरांतच सुरू होते, आणि कागद निघतच नाहीं. परंतु ज्या घरांत वडील माणसांस अर्ज लिहिण्याची लाज वाटते, त्या घरांतल्या मुलास रोज चारचौघांत वाचण्याची लाज सोसावी लागते. या दोहोंपैकीं कोणती लाज सोडावयाची, हें घरांतील कर्त्या माणसांनीं ठरवावें, एवढीच आमची विनंति आहे.