माणसं बदलली, बँड तोच?

बँडचा टी-शर्ट घ्यायचा, गाणी पाठ करायची आणि एक दिवस कळतं, ड्रमर सोडून गेला. मग बेसिस्टही जातो. बॉस, अशा वेळी आपण फॅन नेमके कुणाचे? नावाचे की माणसांचे?

प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांना हा प्रश्न जुनाच. लांबलचक गाणी, मध्येच पलटणारा ताल असा तिथला मामला. आणि माणसंही तशीच पलटतात! 'किंग क्रिम्झन'चा पहिला अल्बम १९६९चा. त्यांच्या प्रत्येक लाइनअपमध्ये टिकला तो एकटा गिटारिस्ट रॉबर्ट फ्रिप. 'येस'चा बेसिस्ट ख्रिस स्क्वायर २०१५मध्ये गेला, तरी बँड थांबला नाही.

आपल्या मुंबईची गोष्टही कमी नाही. १९८४मध्ये इथे 'रॉक मशीन' सुरू झाला. गिटारवर महेश तिनईकर, गायला उदय बेनेगल, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, दुसरी गिटार जयेश गांधींची. बेस मार्क सेल्विन, ड्रम्स मार्क मेनेझिस. धोबीतलावच्या रंगभवनात पोरं यांच्यासाठी गर्दी करायची. इंग्रजी हिट गाण्यांच्या नकला करण्याच्या त्या जमान्यात यांनी १९८८मध्ये स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' काढला. १९९०मध्ये 'द सेकंड कमिंग' आला.

नावही बदललं

१९९३मध्ये बँडनं चक्क नावच बदललं: 'इंडस क्रीड'. चालणारं नाव टाकून द्यायला जिगर लागते. दोन वर्षांनी त्याच नावाचा अल्बम आला आणि १९९७मध्ये सगळं थांबलं. उदय आणि जयेश यांनी पुढे 'आम्स फॉर शांती' काढला आणि न्यूयॉर्क गाठलं.

संपलं? नाही! २०१०मध्ये उदय, महेश आणि झुबिन परत एकत्र आले. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी, हे दोघे नव्या पिढीचे. २०१२मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. मिक्सिंग टिम पामरचं. 'पर्ल जॅम'चा 'टेन' मिक्स करणारा तोच. सुरुवातीच्या सरळसोट हार्ड रॉकपासून हा अल्बम बराच लांब आलाय. गाणी ऐसपैस आहेत, वळणं घेत जातात. माझ्या कानांना तर हाच यांचा सगळ्यात प्रोग्रेसिव्ह अल्बम वाटतो.

माझं गाव धावडा, जालना जिल्ह्यातलं. गावाकडच्या भजनी मंडळात पखवाजवाले आजोबा थकले की नातू बसतो. त्याला लाइनअप चेंज वगैरे कुणी म्हणत नाही. नातवानं चाल मात्र जुनीच धरायची असते. बँडचं गणित उलटं. नव्या माणसानं जुन्याची कॉपी मारली, तर तो ऑर्केस्ट्रा झाला. नव्या हातांना जागा द्यायची म्हणजे जुन्यांनी थोडं सरकायला हवं, आणि सगळ्यात अवघड तेच. ऑफिसात नवा ज्युनिअर आला की आपण किती सरकतो, ते आठवून बघा.

'इव्हॉल्व्ह'मध्ये जुने तिघे सरकलेत, असं मला ऐकताना जाणवतं. म्हणून तो रियुनियनचा गोडगोड सोहळा वाटत नाही, नव्या बँडचा अल्बम वाटतो.

या वीकएंडला एक करा. १९८८चा 'रेनेगेड' आणि २०१२चा 'इव्हॉल्व्ह' पाठोपाठ ऐका. मधे चोवीस वर्षं, बदललेलं नाव आणि बदललेली माणसं आहेत. आवाज मात्र उदयचाच. बँड तोच की दुसरा, हे तुमच्या कानांनी ठरवा.