जड इंग्रजी शब्द कसे शिकावेत?

वसंत ऋतूतील व्याख्यानांत राजकारण, अध्यात्म, नाट्य हे विषय असायचेच. इंग्रजी शब्दांचे पाठांतर हा विषय त्या पंक्तीत बसवला, तर कोणाला तो पोरकट वाटेल. परंतु मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावीच्या विज्ञान शाखेत गेलेले मूल ज्यांच्या घरी आहे, त्यांना तो तसा वाटणार नाही. काल-परवापर्यंत अपवर्तन, ऊर्ध्वपातन, अपूर्णांक यांच्याशी ज्याचा चांगला परिचय होता, त्याच्यापुढे एकदम रिफ्रॅक्शन, डिस्टिलेशन, फ्रॅक्शन येऊन उभे राहतात. विषय त्याला येत असतो, शब्द येत नसतो. शब्द येत नाही म्हणून तो वर्गात गप्प बसतो, गप्प बसतो म्हणून मंद ठरतो, आणि काही महिन्यांनी स्वतःही तसेच समजू लागतो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात हे खरे. पण ते इंग्रजी घरादाराचे, गाईगुरांचे. हे शब्द शास्त्राचे.

मग घरात उपाय सुरू होतो तो ठरलेला. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि रोज वीस शब्द पाठ. पाठांतराला आम्ही नावे ठेवीत नाही. पाढे आम्हीही तसेच शिकलो. पण पाढ्यांना एक चाल असते, एक क्रम असतो. या वहीतल्या शब्दांना एकमेकांशी काही नातेच नसते, म्हणून ते आठ दिवसांत गळून जातात.

मुळात शिकायचे किती, हेही पाहावे. ढाक्याला अनेक वर्षे अध्यापक घडवणारे मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली नेहमीच्या इंग्रजीतील सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीबाहेरचे, पण उच्च शिक्षणाच्या पुस्तकांत, विषय कोणताही असो, वारंवार येणारे शब्द न्यूझीलंडच्या अव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली वेचले. ते भरले ५७० शब्दकुळे. प्रत्येक विषयाच्या खास परिभाषा वेगळ्या. तरी पाचशे सत्तर हा आकडा ऐकून पुष्कळांना धीर यावा. आणि या कुळांपैकी बहुतेकांचे मूळ लॅटिन किंवा ग्रीक असल्यामुळे ती फोडून पाहता येतात.

फोडायचे कसे, ते एका घरगुती शब्दावरून पाहू. फ्रॅक्चर हा शब्द आमच्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही येतो. त्यातील 'फ्रॅक्ट' म्हणजे मोडलेले. आता फ्रॅक्शन म्हणजे काय? मोडलेली संख्या. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अपूर्णांकाला 'भिन्न' म्हटले आहे; तेही 'भिद्' म्हणजे फोडणे यावरूनच आलेले. फ्रॅगमेंट म्हणजे तुकडा. पार्सलावर चिकटवलेले फ्रॅजाइल म्हणजे मोडण्याजोगे. आणि रिफ्रॅक्शन? पाण्याच्या पेल्यात पेन्सिल उभी करा. ती जिथे मोडल्यासारखी दिसते, तिथे प्रकाशाचा किरण वळलेला असतो. आजीच्या मोडलेल्या हातापासून पदार्थविज्ञानापर्यंत एकच धागा गेला. हे एकदा दिसले की पाचही शब्द फारसे घोकावे लागत नाहीत.

मराठी मुलाला ही रीत परकी नाही, किंबहुना ती त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. एका 'हृ' धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार कसे होतात, हे तो शाळेत शिकलेला असतो. लॅटिन 'स्पेक्ट' म्हणजे पाहणे. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून पाहणे, प्रॉस्पेक्ट पुढचे पाहणे, रिस्पेक्ट मागे वळून पाहणे, म्हणून आदर. आणि सस्पेक्ट म्हणजे खालून डोळे वर करून पाहणे, म्हणजेच संशय. संस्कृतात हेराला 'स्पश' म्हणतात, म्हणजे पाहत राहणारा. हा स्पश आणि तो स्पेक्ट एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत. असे असता आमची मुले इंग्रजीपुढे उपऱ्यासारखी का उभी राहतात, याचे आम्हांला वाईट वाटते.

मात्र या रीतीवर आंधळा भरवसा ठेवू नये. 'इन्' लागला की अर्थ उलटा, असे इनव्हिजिबल, इनकरेक्ट यांवरून वाटते. पण इन्फ्लेमेबल म्हणजे न जळणारे नव्हे, चटकन पेट घेणारे! तिथला 'इन्' नकाराचा नाहीच. या घोटाळ्यातून अपघात होऊ नयेत म्हणूनच पुढे फ्लेमेबल हा शब्द अधिक वापरात आला. शब्दाची संगतही पाहावी लागते. एका मुलाने निबंधात आपल्या आजोबांना नोटोरियस वैद्य करून टाकलेले आम्ही वाचले आहे. वहीत त्याने 'नोटोरियस, प्रसिद्ध' एवढेच टिपले होते. तो शब्द दरोडेखोरांच्या पंगतीत बसतो, हे वही सांगत नाही, वाक्य सांगते. म्हणून शब्द टिपायचा तो तो ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट.

राहिला प्रश्न लक्षात ठेवण्याचा. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून १८८५ साली दाखवून दिले की विसरणे सुरुवातीलाच झपाट्याने होते, मग मंदावते. तेव्हा एकाच रात्री शंभर वेळा घोकण्यापेक्षा उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्याने पुन्हा आठवून पाहणे बरे. १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली: शब्द आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, जो उशिरा उघडायचा, चुकला तर परत पहिल्यात.

पेटी विकत आणण्याचे कारण नाही. चपलेचा खोका आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी पुरतात. एका बाजूला इंग्रजी शब्द व त्याचे वाक्य, दुसऱ्या बाजूला मराठी. इंग्रजी बाजू मुलाकडे धरायची, मराठी बाजू आपल्याकडे; मुलाने अर्थ सांगायचा आणि आपण पडताळायचा. हे काम इंग्रजी न येणारी आईही भाजी निवडता निवडता करू शकते.