अतिथिसेवेची विद्या

ताडोबाचें नांव ऐकतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें वाघ उभा राहतो. परंतु त्या अरण्याच्या कडेस माणसेंही राहतात, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील हें राष्ट्रीय उद्यान १९५५ सालीं स्थापन झालें, व शेजारचें अंधारी अभयारण्य १९८६ सालीं. भोंवतालच्या गांवांत गोंड, माना इत्यादि लोकांची वस्ती आहे. उन्हाळ्यांत मोहाचीं फुलें व तेंदूचीं पानें वेंचावयास गेलेलीं माणसें वाघाच्या तावडींत सांपडतात. गुरेंही मारलीं जातात. वाघ जगावा म्हणून जी किंमत द्यावी लागते, ती हे लोक देतात. मग वाघ पाहावयास येणाऱ्या प्रवाशांपासून होणारा लाभ त्यांच्या मुलांस कां मिळूं नये?

तो मिळण्यास नुसते कष्ट पुरत नाहींत, विद्या लागते. ह्याच हेतूनें भारत सरकारच्या पर्यटन खात्यानें २००९-१० सालीं ‘हुनर से रोजगार तक’ ही योजना काढली व गरीब कुटुंबांतील तरुणांस पाककर्म आणि भोजनगृहांतील सेवा कांहीं आठवड्यांत मोफत शिकविण्याची सोय केली.

ह्या विद्येचीं मुख्य अंगें चार: पाहुण्यांचें स्वागत व नोंद, पाककर्म, वाढणें आणि खोल्यांची व्यवस्था. कामें सोपीं दिसतात, पण प्रत्येकामागें कारण आहे. कच्चें मांस कापलेली सुरी न धुतां कोशिंबिरीस लावूं नये. कारण कोशिंबीर शिजत नाहीं, व तींत गेलेले रोगजंतु जिवंत राहतात. शिजलेलें अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ऊन किंवा ५ अंशांच्या खालीं थंड ठेवावें. मधल्या उष्णमानांत जंतु झपाट्यानें वाढतात. प्रवासी पहांटेसच अरण्यांत निघतात, म्हणून चहा त्यापूर्वीं तयार हवा. अशा रीतीनें विज्ञान, हिशेब, भाषा व वक्तशीरपणा हीं सर्व येथें उपयोगीं पडतात.

एक अडचण मात्र खरी आहे. जुलै ते सप्टेंबर अरण्याचा गाभ्याचा भाग प्रवाशांस बंद असतो व काम कमी होतें. म्हणून शेती किंवा दुसरा जोडधंदा सोडूं नये.

कित्येक पालक विचारतात, “शिकूनसवरून उष्टीं भांडींच उचलावयाचीं काय?” त्यांस आमचें नम्र सांगणें असें: अब्राहाम मम्रे येथें तिघां अनोळखी पाहुण्यांस धांवत सामोरा गेला, प्रभु येशूनें स्वहस्तें शिष्यांचे पाय धुतले. जो आपलें काम जाणतो, तें स्वच्छपणें करतो व त्याचा योग्य मोबदला घेतो, तो कोणाचा लाचार नव्हे. आपल्या मुलानें असा मार्ग निवडला, तर त्यास लाज न वाटूं देतां आशीर्वाद द्यावा.